हातातलं यंत्र आणि घोटभर पाणी

परवा बचत गटाची मीटिंग संपता संपता आमच्यातल्या एकीची सून आली आणि दारातच मटकन खाली बसली. भिवंडीजवळच्या एका गोदामात ती कामाला जाते. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तर तिने अख्खा रिकामा केला.

"अगं, दिवसभर पाणी प्यायली नाहीस की काय?"

"नाही ना काकू. पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं. ते एका टोकाला. जाऊन येईपर्यंत दहा मिनिटं जातात. तेवढा वेळ मशीन गप्प राहिलं की सुपरवायझर विचारतो, कुठे होतीस?"

हे मशीन म्हणजे हातात मावणारा स्कॅनर. पार्सलवरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर धरायचा, 'टिंग' वाजलं की नोंद झाली. कमरेला छोटा प्रिंटर, त्यातून पत्त्याची चिठ्ठी निघते. त्याला शाईसुद्धा लागत नाही, उष्णतेनेच कागदावर अक्षरं उमटतात. वायर कुठेच नाही, सगळी माहिती हवेतून कॉम्प्युटरकडे.

या पट्ट्यांची गोष्ट मोठी गमतीची आहे. अमेरिकेतल्या नॉर्मन वुडलँड यांनी मायामीच्या समुद्रकिनारी वाळूत बोटं ओढली आणि त्या रेघांवरून त्यांना ही कल्पना सुचली. आपण रांगोळीच्या रेघा ओढतो ना, तशीच! १९५२ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. २६ जून १९७४ रोजी ओहायोतल्या एका दुकानात च्युइंगमचं पाकीट पहिल्यांदा असं स्कॅन झालं. आज तीच रेघ आपल्या लेकीसुनांच्या हातात आली आहे.

मी यंत्राच्या विरोधात अजिबात नाही. उलट त्याने जाडजूड वह्या गेल्या, खाडाखोड गेली. जेमतेम दहावी झालेली मुलगीही हे काम दोन दिवसांत शिकते आणि स्वतःच्या नावावर पगार घेते. ही काय लहान गोष्ट आहे?

पण प्रत्येकीचा नंबर मशीनमध्ये असतो. कोणी किती वाजता किती पार्सलं केली, हे सगळं दिसतं. बाई पाळीच्या दिवसांत आहे, गरोदर आहे, हे मात्र त्याला दिसत नाही. पाणी तोडणं आणि लघवी दाबून ठेवणं, यातून मूत्रमार्गाचा त्रास होतो हे आपल्याला ठाऊक आहे. मग ते सोसायचं कशासाठी?

हे दुखणं फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये खास गोदामांसाठी कायदा केला. तो १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. किती काम अपेक्षित आहे ते कामगाराला लेखी सांगायचं आणि जेवण किंवा बाथरूमची सुट्टी बुडेल इतकं काम लादायचं नाही, असं त्यात आहे. आपल्याकडेही पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह देणं मालकावर बंधनकारक आहेच. पण नळ असून तो प्यायला वेळ नसेल, तर उपयोग काय?

म्हणून मैत्रिणींनो, मुलीला अशा कामावर पाठवताना नुसता पगार विचारू नका. बाथरूम किती लांब आहे, सुट्टी किती मिनिटांची, दिवसाला किती पार्सलं, हेही विचारा. एकटीने विचारलं तर नोकरी जाण्याची भीती असते. चौघीजणी मिळून गेलं की ऐकावं लागतं. आमच्या गटाने तर ठरवलंय, येत्या आठवड्यात गोदामाच्या मॅनेजरला भेटायचंच.

आणि एक आपल्यासाठीही. दिवसभर मशीनने मोजलेली ती सून घरी आली की आपण काय करतो? घड्याळाकडे बघून म्हणतो, "आज उशीर झाला गं, कुकर लावायचाय." त्याऐवजी आधी पाण्याचा तांब्या पुढे करू या. बाईच्या मिनिटांचा हिशेब मागायचा नाही, ही सुरुवात आपल्याच घरापासून व्हायला हवी, नाही का?