मूल आत, आईबाप बाहेर!

सार्वजनिक इस्पितळाच्या बालविभागाबाहेरचा व्हरांडा ज्याने पाहिला आहे, त्याला आमच्या म्हणण्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. बंद दाराआड पोटचा गोळा. आणि बाहेर, दार किलकिले होताच धडपडत उठणारे आईबाप. परिचारिकेचे उत्तर ठरलेले : ‘डॉक्टर सांगतील.’ डॉक्टर येतात, ‘सीरियस आहे’ एवढे बोलतात आणि निघून जातात. मग इंग्रजी कागदावर सही मागितली जाते. या सहीला संमती म्हणणे ही त्या शब्दाची विटंबना होय.

डॉक्टरांवरील कामाचा बोजा आम्ही जाणतो. निवासी डॉक्टराला दोन घास खाण्याची सवड मिळते, हेच नवल! परंतु सांगणे हे उपचाराबाहेरचे काम आहे, ही समजूत आम्हांस मान्य नाही. घरी पाठविताना ‘एक चमचा औषध द्या’ असे सांगितले, तर चमचा कोणता? घरोघरचे चमचे निरनिराळ्या मापांचे. डॉक्टरांच्या मनातला मात्र ५ मिलिलिटरचा. मापाचे झाकण आईच्या हाती देऊन तिच्याकडूनच औषध एकदा मोजून घेण्यास दोन मिनिटे पुरतात.

ब्रिटनमध्ये प्लॅट समितीने १९५९ सालीच मुलांच्या भेटीवरील निर्बंध उठवा, लहानग्यांच्या आईला जवळ राहू द्या, असे बजावले होते. आपल्या केंद्र सरकारनेही २०१७ मध्ये नवजात शिशूंच्या कक्षात आईबापांना हात धुवून आत घ्यावे व बाळाची निगा शिकवावी, अशा सूचना काढल्या. खासगी शुश्रूषागृहांच्या नियमांत २०२१ मध्ये रुग्णहक्कांची सनद आली. पण भिंतीवर टांगलेली सनद बोलू थोडीच लागते!

डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्याने २०१० मध्ये कायदा केला, तो हवाच. हल्ल्याचे समर्थन कोणीही शहाणा मनुष्य करणार नाही. तथापि दोन-दोन दिवस ज्याला काहीच कळलेले नाही, त्याच्या कानी एकाएकी मृत्यूची वार्ता पडली, तर दुःखाआधी संशय उभा राहतो.

आमची मागणी खर्चाची नाही. रोज एका ठरल्या वेळी, मूल प्रत्यक्ष पाहणाऱ्या डॉक्टराने आईबापांना बसवून, त्यांच्या भाषेत, काल काय होते, आज काय आहे व उद्या कशाची वाट पाहावयाची, हे सांगावे. जे डॉक्टरांनाही उमगलेले नाही, तेही सांगावे. आणि आईला काय समजले, ते तिच्याच तोंडून ऐकावे. वेळ सायंकाळची असावी, कारण दुपारी बाप रोजंदारीवर असतो. महापालिका आयुक्तांनी तसे परिपत्रक काढून ती वेळ प्रत्येक बालविभागाच्या दारावर ठळक मराठी अक्षरांत लावावी.