‘हाड शाबूत आहे’ म्हणजे काय?

तेलगावच्या चौफुलीवरून माजलगाव, धारूर, वडवणी आणि परळीकडे रस्ते फुटतात. बाजारपेठेतील व्यापारी कुटुंबांची मुले दहावी-बारावीनंतर याच रस्त्यांनी शिक्षणासाठी बाहेर पडतात. महाविद्यालयाच्या संघात निवड झाल्याचा फोन आला की घरी पेढे वाटले जातात. पुढे कधी दुसरा फोन येतो : चढाईत पाय पकडला गेला, गुडघा पिळवटला, आत ‘कट्’ असा आवाज झाला, पण एक्स-रे काढला आहे, हाड शाबूत आहे. घरचे निःश्वास टाकतात. चूक बहुधा येथेच होते.

एक्स-रेमध्ये हाड दिसते, अस्थिबंध दिसत नाही. मांडीचे हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत जखडून ठेवणारा पुढचा अस्थिबंध, ज्याला डॉक्टर एसीएल म्हणतात, पूर्ण तुटला तरी हाड शाबूतच दिसू शकते. काही तासांत गुडघा सुजतो. काही आठवड्यांनी सूज उतरते, मुलगा चालू लागतो, जिनाही चढतो. मात्र वळताना गुडघा निसटतो. अशा गुडघ्याला तेल चोळून, पट्टा बांधून तो मैदानात उतरला, तर आतील गादीही फाटण्याचा धोका असतो. म्हणून आवाज, लगोलग आलेली सूज आणि निसटणारा गुडघा यांपैकी काहीही आढळल्यास अस्थिरोगतज्ज्ञाची तपासणी आणि त्यांनी सांगितल्यास एमआरआय टाळू नये. हा खर्च वाचवणे महागात पडते.

ही दुखापत किती आढळते, याचा मोठा हिशेब अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने ठेवला आहे. 1988 ते 2004 या 16 वर्षांत 15 खेळप्रकारांत अशा सुमारे 5,000 दुखापती नोंदल्या गेल्या. एका खेळाडूचा एक सराव किंवा एक सामना म्हणजे एक सहभाग धरला, तर सरासरी लाख सहभागांमागे 15. आकडा किरकोळ वाटतो. पण 12 जणांचा संघ वर्षातून 150 दिवस खेळला, तर 1,800 सहभाग होतात. म्हणजे साधारण चार वर्षांत एक गुडघा. बास्केटबॉल आणि फुटबॉलमध्ये मुलींना हा धोका मुलांपेक्षा दुपटीहून अधिक आहे. कबड्डी या हिशेबात नाही, आणि पाय पकडण्याच्या या खेळात आकडा कमी असेल असे मानण्यास काही कारण दिसत नाही.

बीड जिल्ह्याला हे दुखणे परके राहिलेले नाही. आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे, 2023 च्या हांगझो आशियाई स्पर्धेत 3,000 मीटर स्टीपलचेसचा सुवर्णपदक विजेता, जुलै 2025 मध्ये मोनॅको येथील शर्यतीत पडला. एसीएलच्या शस्त्रक्रियेमुळे सप्टेंबरमधील टोकियोच्या जागतिक स्पर्धेला तो मुकला. आघाडीच्या खेळाडूलाही येथे घाई करता येत नाही.

शस्त्रक्रियेचे नाव निघताच आपल्या घरांत एक प्रश्न हमखास विचारला जातो : नवा बंध कशाचा? सर्वसाधारणपणे तो रुग्णाच्याच शरीरातील, मांडीमागील किंवा गुडघ्याच्या वाटीजवळील स्नायुबंधाचा असतो. अन्य साहित्याविषयी शंका असल्यास शल्यचिकित्सकाला आधीच मोकळेपणाने विचारावे. सामायिकाला मांडी घालून 48 मिनिटे बसणे आणि गुडघे टेकून वंदना करणे पुन्हा केव्हा जमेल, हेही विचारावे. तोवर खुर्ची वापरण्यात संकोच नसावा.

खेळाकडे परतण्यास मात्र किमान नऊ महिने. 2016 च्या एका नॉर्वेजियन अभ्यासात नवव्या महिन्यापर्यंत पुढे ढकललेल्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटलेले आढळले. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा सहाव्या महिन्यात आहे म्हणून प्रशिक्षकाने आग्रह धरला, तर नकार पालकांनीच द्यावा लागतो.

यातील बऱ्याच दुखापती कोणाचा धक्का न लागताच, उडी मारून टेकताना किंवा एकाएकी दिशा बदलताना होतात. त्यामुळे उडी कशी टेकावी, गुडघा आत कसा वळू देऊ नये आणि एका पायावर तोल कसा राखावा, याचा वीस मिनिटांचा सराव त्यांचे प्रमाण पुष्कळ कमी करतो. त्याला एकही साधन लागत नाही. प्रवेशाच्या वेळी वसतिगृह आणि शुद्ध भोजनाची चौकशी करणाऱ्या पालकांनी क्रीडा शिक्षकांना या वीस मिनिटांविषयीही विचारावे.