एरर लपवू नका, आधी डेटाचा प्रकार तपासा



कॉस्टिंग शीटच्या व्हिडिओत आपण सूत्रं कशी लिहायची ते बघितलं. आज त्या सूत्रांनी दगा दिला तर काय करायचं, यावर माझं स्पष्ट मत मांडतो. एक्सेलमध्ये हॅशवाला एरर आला की बहुतेक नवशिके घाबरतात आणि सूत्र खोडून परत लिहायला बसतात. माझा अनुभव असा, की सूत्र बऱ्याचदा बरोबरच असतं. गडबड दोन ठिकाणी असते: डेटाच्या प्रकारात किंवा साधनाच्या सेटिंगमध्ये. म्हणून सूत्राला हात लावायच्या आधी या दोन गोष्टी तपासा.

तुम्ही प्रोग्रॅमिंगच करताय

"सर, आम्हाला कोडिंग जमत नाही," असं म्हणणारे रोज एक्सेलमध्ये कोडिंग करत असतात. एक्सेलची सूत्रं ही एक फंक्शनल प्रोग्रॅमिंग भाषाच आहे. तुम्ही संगणकाला "आधी हे कर, मग ते कर" असं सांगत नाही. फक्त "या खान्याची किंमत त्या दोन खान्यांवरून काढ" एवढंच सांगता. आत काय गेलं त्यावर बाहेर काय येणार हे ठरतं. हॅस्केल ही नावाजलेली फंक्शनल भाषा घडवणाऱ्यांपैकी एक, सायमन पेटन जोन्स, यांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात असताना नेमकं एक्सेलवरही काम केलं. 2003 मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसोबत असा प्रस्ताव मांडला, की वापरणाऱ्याला स्वतःचं फंक्शन शीटमध्येच बनवता यावं. डिसेंबर 2020 मध्ये मायक्रोसॉफ्टने लॅम्डा हे फंक्शन जाहीर केलं, त्यातून हेच शक्य झालं.

पण हॅस्केल आणि एक्सेल यांच्या स्वभावात मोठा फरक आहे. हॅस्केल म्हणजे जुन्या पेढीवरचे कडक दिवाणजी. आकड्यात मजकूर मिसळलात तर प्रोग्रॅम चालूच करू देत नाहीत, आधीच वही परत करतात. एक्सेल म्हणजे मालकाला न दुखावणारा नोकर. कधी तक्रार करतो, कधी गपचूप सांभाळून घेतो. आपला घात होतो तो या गपचूप सांभाळून घेण्यात.

वीस टक्के नफा, आणि तरी तोटा

समजा तुम्ही दहा किलो कांदा-लसूण मसाल्याचा घाणा काढता. मिरची 1200, धणे 420, सुकं खोबरं 660, लसूण 480, तेल आणि खडा मसाला 540, पाकिटं 300. एकूण 3600 रुपये, म्हणजे किलोला 360.

आता खोबऱ्याचा भाव तुम्ही व्हॉट्सॲपवरून उचलला आणि खान्यात "660 रु" असं चिकटवलं. तुमच्यासाठी तो आकडा आहे, एक्सेलसाठी तो मजकूर आहे. सम फंक्शन दिलेल्या पट्ट्यातला मजकूर सोडून देतं आणि त्याबद्दल एक शब्दही बोलत नाही. बेरीज येते 2940, किलोला 294. त्यावर 20 टक्के नफा धरून तुम्ही भाव लावता 352 रुपये 80 पैसे. शीट नफा दाखवतेय आणि प्रत्येक किलोमागे तुमचे सात रुपये वीस पैसे जातायत. दिवाळीची 100 किलोची ऑर्डर आली की 720 रुपये गेले, वर मेहनत फुकट!

हीच बेरीज अधिकचं चिन्ह वापरून एकेक खाना जोडून केली असती, तर एक्सेलने #व्हॅल्यू! असा एरर दिला असता. तुम्ही वैतागला असता, पण वाचला असता. म्हणून म्हणतो, एरर आला तर देवाचे आभार माना.

सगळी शीट अधिकच्या चिन्हाने लिहा, असं मात्र मी सांगत नाही. बेरजेच्या शेजारी दोन खाने ठेवा. एकात काउंट, दुसऱ्यात काउंट-ए. काउंट फक्त आकडे मोजतं, काउंट-ए भरलेले सगळे खाने मोजतं. वरच्या उदाहरणात एक 5 दाखवेल आणि दुसरं 6. दोन्ही जुळले नाहीत तर भाव लावायचा नाही. आणि "रु" हाताने टाइप करू नका, त्यासाठी खान्याला करन्सी फॉरमॅट द्या. आकडा आकडाच राहतो.

बेरजेला अर्थ नसेल तर तो आकडा नाही

हा माझा आवडता नियम. दोन मोबाईल नंबरांची बेरीज करून काही उपयोग आहे का? नाही. मग तो मजकूर. पिन कोड, बँक खाते क्रमांक, एचएसएन कोड, सगळे मजकूर. मिरचीचा एचएसएन 0904 असा टाइप केलात तर एक्सेल त्याला आकडा समजून 904 करून टाकतं. सोळा अंकी खाते क्रमांक असेल तर शेवटचा अंक शून्य होतो, कारण एक्सेल आकड्याचे 15 अंकच जपतं. म्हणून असे रकाने भरण्याआधीच टेक्स्ट फॉरमॅटमध्ये ठेवा.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. मार्च आणि सप्टेंबरसारखी दिसणारी जनुकांची नावं एक्सेल तारखेत बदलायचं. शेवटी 2020 मध्ये नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने ती जनुकांची नावंच बदलल्याचं जाहीर केलं.

सूत्र बरोबर, साधन वेगळं

आता साधनाकडे वळू. मित्राने पाठवलेलं एक्स-लूकअपचं सूत्र तुमच्याकडे #नेम? असा एरर देतं. सूत्रात चूक नाही. एक्सेल 2019 किंवा त्याआधीच्या आवृत्तीत ते फंक्शनच नाही. व्हॉट्सॲपवरून कॉपी करताना सरळ अवतरणचिन्हं वाकडी झाली तरी हाच प्रकार होतो.

उत्तराऐवजी खान्यात सूत्रच दिसतंय? तो खाना आधीपासून टेक्स्ट फॉरमॅटमध्ये आहे. जनरल करा आणि सूत्र पुन्हा एंटर करा. भाव बदलला तरी बेरीज बदलत नाही? फॉर्म्युला मेनूतलं कॅल्क्युलेशन मॅन्युअलवर गेलंय, ते ऑटोमॅटिक करा.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे तारीख. संगणकाची सेटिंग अमेरिकन असेल तर तुमची 05/04/2025, म्हणजे 5 एप्रिल, तो 4 मे धरतो. आणि 25/04/2025 त्याला कळतच नाही, कारण पंचविसावा महिना नसतो. म्हणून ती मजकूर म्हणून पडून राहते. उधारीची अर्धी यादी चुकीच्या महिन्यात, अर्धी हिशेबाबाहेर. गुगल शीट्समध्ये फाइल, सेटिंग्ज, लोकेल इथे जाऊन भारत निवडा, तेही पहिली नोंद टाकण्याआधी.

साधनाची मर्यादा किती महागात पडते बघा. 2020 च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये सुमारे 16 हजार कोरोनाबाधितांच्या नोंदी आकडेवारीतून गळाल्या. जुन्या एक्सेल फाइलमध्ये 65,536 च्या वर ओळी मावत नाहीत, तिथे हे झालं. सूत्र कुणाचंच चुकलं नव्हतं.

इफ-एररचं पांघरूण

काही जण प्रत्येक सूत्राला इफ-एरर गुंडाळतात आणि एरर आला की शून्य दाखवतात. शीट एकदम स्वच्छ! माझा याला ठाम विरोध आहे. गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला म्हणून बल्ब काढून टाकण्यातला हा प्रकार आहे. ग्राहक यादीत सापडला नाही, एवढंच हाताळायचं असेल तर इफ-एनए वापरा आणि शून्याऐवजी "यादीत नाही" असं लिहून येऊ द्या.

"सर, एआयला विचारलं की सूत्र मिळतं," असंही ऐकतो. जरूर विचारा. पण फक्त प्रश्न टाइप केलात तर तुमच्या खान्यात 660 आहे की "660 रु", हे त्याला दिसत नाही. "बिलिंग सॉफ्टवेअर घेऊ का?" बिलासाठी घ्या. पण भाव ठरवायची शीट शेवटी तुमचीच असते, आणि तीच धंद्याचा जीव असते.

मदत मागतानाही शिस्त हवी. स्क्रीनचा धूसर फोटो टाकून "चालत नाहीये" म्हणू नका. कोणती आवृत्ती, नेमका एरर काय, सूत्र टाइप करून, दोन-तीन ओळींचा नमुना आणि तुम्हाला काय उत्तर अपेक्षित होतं, एवढं पाठवा. हे लिहिता लिहिता निम्म्या वेळा चूक तुम्हालाच सापडते.

आजचं काम

आज दुकान बंद केल्यावर तुमची कॉस्टिंग शीट उघडा आणि भावाच्या रकान्याखाली काउंट आणि काउंट-ए लावा. जुळले तर शांत झोपा. नाही जुळले तर उद्या सकाळी पहिल्या ग्राहकाच्या आधी भावफलक तपासा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!