अर्थसंकल्पाचा तास

एक फेब्रुवारीला लोकसभेत अर्थमंत्र्यांचे भाषण होते आणि पुढचे दोन दिवस देशभर आकड्यांचा पाऊस पडतो. प्राप्तिकरात किती सवलत मिळाली, शेअर बाजार चढला की गडगडला, कोणत्या राज्याच्या वाट्याला काय आले, याची चर्चा रंगते. काय स्वस्त झाले आणि काय महागले, याच्या याद्याही अजून छापल्या जातात. वस्तुतः १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून बहुतेक वस्तूंवरील अप्रत्यक्ष कराचे दर केंद्रीय अर्थसंकल्पात ठरतच नाहीत. ते केंद्र आणि राज्ये यांच्या जीएसटी परिषदेत ठरतात. तरीही जुनी सवय सुटलेली नाही. तिसऱ्या दिवशी विषय मागे पडतो आणि पुढच्या फेब्रुवारीपर्यंत अर्थसंकल्प हा शब्द फारसा कोणाच्या तोंडी येत नाही.

या उदासीनतेची मुळे शाळा-महाविद्यालयांच्या वर्गात आहेत. अर्थसंकल्प अभ्यासक्रमात नाही, असे मात्र नाही. एनसीईआरटीच्या बारावीच्या स्थूल अर्थशास्त्रात सरकारी अर्थसंकल्पावर स्वतंत्र प्रकरण आहे, राज्य मंडळाच्या अर्थशास्त्रातही सार्वजनिक वित्ताचा पाठ आहे. नागरिकशास्त्रात संसदेची रचना येते. पण अर्थशास्त्राच्या तासाला विद्यार्थी महसुली तूट आणि वित्तीय तूट यांच्या व्याख्या पाठ करतो, तर नागरिकशास्त्राच्या तासाला धन विधेयक प्रथम लोकसभेतच मांडले जाते, हे घोकतो. या दोन तासांच्या मधली जागा रिकामीच राहते. पैसा कोणी मागितला, कोणी नाकारला, कोणाच्या संमतीने खर्च झाला आणि त्याचा हिशेब कोणी तपासला, हे त्याला कोणी सांगत नाही. परिणामी अर्थसंकल्प म्हणजे अर्थमंत्र्यांनी एका दिवशी उघडलेली पोतडी, अशीच समजूत घेऊन तो मतदार होतो.

प्रत्यक्षात ही प्रक्रिया निम्म्या वर्षाची असते. साधारणतः ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागातील अर्थसंकल्प शाखा सर्व मंत्रालयांना परिपत्रक धाडते. प्रत्येक मंत्रालयाने चालू वर्षात किती खर्च झाला, उरलेल्या महिन्यांत किती होईल आणि पुढील वर्षासाठी किती हवे, हे ठरावीक नमुन्यात कळवायचे असते. त्यानंतर खर्च विभागाच्या सचिवांसमवेत प्रत्येक मंत्रालयाच्या बैठका होतात. खरी घासाघीस येथे होते. मागणी नेहमीच उपलब्ध रकमेहून अधिक असते आणि प्रत्येक मागणीमागे काही ना काही न्याय्य कारण असते. मग अर्थमंत्री उद्योजक, कामगार संघटना, शेतकरी प्रतिनिधी, अर्थतज्ज्ञ यांच्याशी सल्लामसलत करतात, महसूल विभाग करांचे अंदाज बांधतो, आणि तूट किती ठेवायची हे ठरल्यावर खर्चाच्या मर्यादा निश्चित होतात. हलव्याचा सोहळा आणि छपाईच्या काळातील गोपनीयता यांचे छायाचित्रकारांना आकर्षण असले, तरी तोवर महत्त्वाचे बहुतेक निर्णय होऊन गेलेले असतात.

हे निर्णय घेणाऱ्यांचे हात किती बांधलेले असतात, हे समजण्यासाठी २०२५-२६ चा अर्थसंकल्प वर्गात घ्यावा. अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांत 'रुपया येतो कोठून आणि जातो कोठे' असे एक चित्र असते. त्या वर्षीच्या चित्रानुसार सरकारच्या रुपयातील २४ पैसे कर्जातून, २२ पैसे प्राप्तिकरातून, १८ पैसे वस्तू व सेवा करातून आणि १७ पैसे कंपनी करातून यायचे होते. उरलेले १९ पैसे उत्पादन शुल्क, सीमाशुल्क, करेतर महसूल आणि इतर किरकोळ जमा यांचे. जाण्याच्या बाजूला करांतील राज्यांचा वाटा २२ पैसे, व्याज २० पैसे, संरक्षण ८ पैसे, निवृत्तिवेतन ४ पैसे. व्याज, निवृत्तिवेतन आणि राज्यांचा वाटा ही देणी टाळता येत नाहीत. म्हणजे कोणत्याही पक्षाचे सरकार असो, ४६ पैसे अर्थमंत्र्यांनी लेखणी हाती घेण्यापूर्वीच गेलेले असतात.

याच चित्रात विद्यार्थ्यांसाठी एक चांगले कोडे दडलेले आहे. व्याजावर रुपयातील २० पैसे खर्च होतात असे चित्र सांगते. पण त्याच अर्थसंकल्पात व्याजाची तरतूद सुमारे १२.७६ लाख कोटी आणि एकूण खर्च सुमारे ५०.६५ लाख कोटी रुपये आहे. भागाकार केला तर उत्तर २५ टक्के येते. मग खरे काय? दोन्ही खरे. चित्रातला रुपया राज्यांना द्यावयाचा करांचा वाटा, म्हणजे सुमारे १४.२२ लाख कोटी रुपये, धरून मोजलेला असतो. केंद्राच्या एकूण खर्चाच्या आकड्यात तो धरलेला नसतो. भाजक बदलला की टक्केवारी बदलते. नववीतल्या मुलालाही जमेल असे हे गणित आहे. ते एकदा स्वतः करून पाहिलेला विद्यार्थी पुढे कोणत्याही पक्षाच्या प्रवक्त्याने तोंडावर फेकलेली टक्केवारी 'कशाच्या किती?' असे विचारल्याशिवाय स्वीकारणार नाही.

दुसरा धडा निवडीचा आहे. त्याच अर्थसंकल्पात नव्या करप्रणालीत वार्षिक १२ लाख रुपयांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर प्राप्तिकर लागणार नाही, अशी घोषणा झाली. त्यामुळे प्रत्यक्ष करांचे सुमारे १ लाख कोटी रुपयांचे उत्पन्न सोडावे लागेल, असे अर्थमंत्र्यांनी भाषणातच सांगितले होते. केंद्राच्या शालेय शिक्षण विभागाची त्या वर्षीची संपूर्ण तरतूद सुमारे ७८,५७२ कोटी रुपये होती. हे दोन आकडे शेजारी मांडले म्हणजे सवलत चुकीची ठरते असे नव्हे. मध्यमवर्गाच्या हाती पैसा राहिला तर मागणी वाढेल, हा युक्तिवाद गंभीरपणे घेण्यासारखा आहे. शालेय शिक्षणावरील खर्चाचा मोठा भार राज्ये उचलतात, हेही खरे आहे. मुद्दा इतकाच, की न घेतलेला कर हाही एक खर्चच असतो आणि त्याचीही तुलना इतर खर्चांशी व्हायला हवी. ही तुलना पाठ्यपुस्तक करत नाही. ती वर्गातच व्हावी लागते.

तिसरा आणि सर्वांत दुर्लक्षित धडा संसदेचा आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ११२ नुसार वार्षिक वित्तीय विवरणपत्र संसदेपुढे ठेवले जाते. घटनेत 'बजेट' हा शब्द नाही. अनुच्छेद २६५ नुसार कायद्याच्या आधाराखेरीज कर लावता येत नाही आणि अनुच्छेद ११४ नुसार विनियोजन विधेयक संमत झाल्याखेरीज एकत्रित निधीतून एक पैसाही काढता येत नाही. अर्थमंत्र्यांचे भाषण संपते तेव्हा संसदेचे काम सुरू होते. सर्वसाधारण चर्चेनंतर अधिवेशनाला मध्यंतर मिळते, त्या काळात १९९३ पासून अस्तित्वात असलेल्या विभागनिहाय स्थायी समित्या मंत्रालयांच्या मागण्या तपासतात आणि मग लोकसभेत त्या मागण्यांवर चर्चा व मतदान अपेक्षित असते. सदस्यांना कपातसूचना मांडता येतात; धोरणच अमान्य असेल तर मागणी एक रुपयावर आणण्याची सूचना देता येते. व्याजासारखा प्रभारित खर्च मतदानाला टाकला जात नाही, पण त्यावर चर्चा करता येते.

कागदावर ही रचना उत्तम आहे. व्यवहारात मात्र सुमारे शंभर मागण्यांपैकी मोजक्याच मंत्रालयांच्या मागण्या चर्चेला येतात आणि ठरलेली वेळ संपली की उरलेल्या सर्व एकदम मताला टाकल्या जातात. संसदीय भाषेत याला 'गिलोटिन' म्हणतात. कधी तेवढीही चर्चा होत नाही. मार्च २०१८ मध्ये गदारोळात सर्व मागण्या चर्चेविना संमत झाल्या. २३ मार्च २०२३ रोजी सुमारे ४५ लाख कोटी रुपयांच्या खर्चाच्या मागण्या लोकसभेने त्याच रीतीने काही मिनिटांत मंजूर केल्या. दोष सत्ताधाऱ्यांचा की विरोधकांचा, यावर वाद होऊ शकतो. मात्र चर्चा झाली नाही म्हणून कोणत्याही मतदारसंघात मतदारांनी आपल्या खासदाराला जाब विचारल्याचे ऐकिवात नाही. जी गोष्ट व्हायला हवी होती हेच ठाऊक नाही, ती झाली नाही याची खंत कोणाला वाटणार?

येथे महाराष्ट्राने स्वतःचाच इतिहास आठवावा. २६ मार्च १९०२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. दुष्काळाने आणि प्लेगने खंगलेल्या देशात सरकारच्या तिजोरीत शिल्लक साठते, याचा अर्थ रयतेकडून गरजेपेक्षा अधिक कर घेतला जातो, असे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवून दिले आणि मिठावरील कर कमी करण्याची मागणी केली. पुढच्या वर्षी, १९०३ मध्ये, तो कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला आणि नंतरही उतरत गेला. १८९२ च्या कायद्याने सदस्यांना अर्थसंकल्पावर बोलण्याची मुभा दिली होती, मत देण्याचा अधिकार दिला नव्हता. तरीही त्या भाषणांना वजन आले ते अभ्यासामुळे. या अभ्यासात त्यांना मोलाचे साहाय्य केले ते रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी यांनी. हे जोशी शाळेतले मुख्याध्यापक होते. सरकारी हिशेबाची निळी पुस्तके चाळणारा एक शिक्षक साम्राज्याच्या अर्थमंत्र्याला उत्तर देण्याची सामग्री पुरवत होता. गोखल्यांना चर्चा करता येत होती, मत देता येत नव्हते. आजच्या लोकसभेला मताचा पूर्ण अधिकार आहे आणि चर्चेला वेळ नाही.

अर्थसंकल्प संमत झाल्यावर काय होते, हेही वर्गात यायला हवे. कागदपत्रांत प्रत्येक बाबीपुढे मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि त्याआधीच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च असे वेगवेगळे रकाने असतात. घोषणा पहिल्या रकान्यातली असते. सत्य शेवटच्या रकान्यात, दोन वर्षांनी उमटते. २०२४-२५ साठी भांडवली खर्चाचा मूळ अंदाज ११.११ लाख कोटी रुपये होता, सुधारित अंदाजात तो सुमारे १०.१८ लाख कोटींवर आला. उलट २०२०-२१ मध्ये कोविडच्या टाळेबंदीत मजूर गावी परतले, तेव्हा रोजगार हमी योजनेची ६१,५०० कोटींची तरतूद सुधारित अंदाजात १,११,५०० कोटींवर न्यावी लागली. पहिल्या उदाहरणात घोषणा आणि अंमल यांतील अंतर दिसते, दुसऱ्यात संकटकाळी अर्थसंकल्प कसा वाकतो ते दिसते. त्यानंतर महालेखापरीक्षकांचा अहवाल आणि लोकलेखा समितीची तपासणी. या समितीचे अध्यक्षपद १९६७ पासून विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. पण तोवर वृत्तपत्रांचेही लक्ष दुसरीकडे गेलेले असते.

हे शिकवायला नवे पाठ्यपुस्तक लागत नाही. सर्व कागदपत्रे सरकारच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. वर्गाचे गट पाडावेत. एक गट कृषी मंत्रालय, एक संरक्षण, एक शिक्षण, एक आरोग्य आणि एक अर्थ मंत्रालय. मागणी करणाऱ्या प्रत्येक गटाला एकच नियम असावा: वाढीव रुपया हवा असेल तर तो कोणता कर वाढवून, कोणता खर्च कापून की कर्ज काढून आणायचा, ते सांगितले पाहिजे. कर्ज म्हणणाऱ्यांना पुढील वर्षीच्या तासाला व्याजाचा आकडा वाढवून द्यावा. शेवटी वर्गालाच लोकसभा करून मागण्या मताला टाकाव्यात, आणि एकदा मुद्दाम चर्चेविना मंजूर करून घ्याव्यात, म्हणजे काय गमावले ते कळेल. केंद्राच्या संसदीय कामकाज मंत्रालयाची युवा संसद स्पर्धा १९६६ पासून चालू आहे. तिच्यात प्रश्नोत्तरांचा तास रंगतो, तसा अनुदानाच्या मागण्यांचा तासही रंगू शकेल.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, परीक्षेत याला गुण नाहीत. हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर शिक्षण मंडळांनी द्यायचे आहे. एखादा जुना अर्थसंकल्प देऊन त्यावर चार प्रश्न विचारणे प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना अशक्य नाही. दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे: अशाने वर्गात राजकारण शिरेल, शिक्षक अडचणीत येतील. अर्थसंकल्प हा मूलतः राजकीय दस्तऐवज आहे, तेव्हा त्यातून राजकारण वगळता येणार नाही; पक्ष वगळता येईल. मागील वेगवेगळ्या सरकारांचे अर्थसंकल्प सारख्याच कसोट्या लावून वाचले, तर कोणाची बाजू घेतल्याचा ठपका येण्याचे कारण नाही. आकड्यांवरून वाद घालायला शिकलेली मुले घोषणांवरून डोकी फोडण्याची शक्यता कमीच.

अठराव्या वर्षी मताधिकार मिळतो. त्या मताने निवडून आलेला खासदार दरवर्षी पन्नास लाख कोटींहून अधिक रकमेच्या खर्चाला संमती देतो. ती संमती विचारपूर्वक दिली गेली की नाही, हे विचारणारे नागरिक शाळेत घडले नाहीत, तर ते पुढे घडण्याची संधी फारशी उरत नाही. शंभर वर्षांपूर्वी मताचा अधिकार नसताना एका मुख्याध्यापकाने आणि एका प्राध्यापकाने सरकारचे हिशेब वाचून ते काम केले. आज तो अधिकार प्रत्येकाला आहे. हिशेब वाचायला शिकवण्याची जबाबदारी आजच्या शिक्षकांनी आणि शिक्षण मंडळांनी घ्यायला हवी.