‘फिजिओथेरपी करून झाली’ म्हणजे नक्की काय केलं?

“डॉक्टर, फिजिओथेरपी करून झाली, काही फरक नाही. आता ऑपरेशनच करून टाकू.” पन्नाशीतले पेशंट एमआरआयचा रिपोर्ट पुढे ठेवत असं म्हणतात, तेव्हा मी आधी विचारतो, फिजिओथेरपीत काय काय केलंत? उत्तर बहुतेक वेळा सारखंच असतं. दहा दिवस गुडघ्याला शेक घेतला, करंटचं मशीन लावलं, शेवटच्या दिवशी व्यायामाचा कागद मिळाला. तो कागद पुढे कुठे गेला, हे मी विचारत नाही!

माझ्या मते ही फिजिओथेरपी अजून सुरूच झालेली नाही. निदान ज्या उपचाराची संशोधनात ऑपरेशनशी तुलना झाली, तो हा नव्हे.

नॉर्वेमधला एक अभ्यास २०१६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. गुडघ्यातली गादी (मेनिस्कस) झिजून फाटलेले, सरासरी पन्नाशीचे १४० पेशंट. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्याने फक्त व्यायाम केला. दोन वर्षांनी दुखणं आणि हालचाल यांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मांडीच्या स्नायूंची ताकद मात्र पहिल्या वर्षात व्यायामवाल्यांची जास्त वाढली. आता व्यायाम किती, ते पाहा: १२ आठवडे, आठवड्यातून दोन-तीन वेळा, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, आणि ताकद वाढेल तसा भारही वाढवत नेलेला. सगळ्यांनाच तो पुरला असं नाही. व्यायामाच्या गटातल्या सुमारे १९ टक्के लोकांनी त्या दोन वर्षांत ऑपरेशन करून घेतलं. पण बाकीच्यांचं ऑपरेशन टळलं, ही काही लहान गोष्ट नाही.

“पण रिपोर्टमध्ये गादी फाटली असं लिहिलंय!” खरं आहे. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावातल्या ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांचे एमआरआय काढले, तेव्हा ज्यांची गादी फाटलेली निघाली त्यांच्यापैकी ६१ टक्के लोकांना मागच्या महिनाभरात गुडघा दुखलाही नव्हता की आखडलाही नव्हता. या वयात फाटलेली गादी पुष्कळदा केसांतल्या पांढऱ्या बटेसारखी असते.

एक शंका रास्त आहे. गोळी खोटी देता येते, व्यायाम खोटा कसा देणार? आपण व्यायाम करतोय हे पेशंटला माहीत असतंच, त्यामुळे ‘बरं वाटलं’ यात मनाचा वाटा किती, हे अशा अभ्यासांतून वेगळं काढता येत नाही. पण हाच प्रश्न ऑपरेशनलाही लागू होतो, आणि तिथे तो तपासला गेला आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या फिनलंडच्या अभ्यासात १४६ पेशंटपैकी निम्म्यांची गादी खरोखर कापली, उरलेल्यांच्या गुडघ्यात नुसती दुर्बीण घालून ऑपरेशनचं नाटक केलं. वर्षभरानंतर दोन्ही गटांचं दुखणं जवळपास सारखंच कमी झालेलं होतं.

म्हणून ऑपरेशनची तारीख घेण्याआधी फिजिओथेरपिस्टकडे तीन महिन्यांचा व्यायाम मागा. शेकाने तात्पुरतं बरं वाटत असेल तर जरूर घ्या, पण त्याने मांडीत ताकद येत नाही. खुर्चीतून हात न टेकता उठणं, पायरीवर चढ-उतार, मग वजन घेऊन तेच. दर दोन आठवड्यांनी ‘आता काय वाढवायचं?’ हे तुम्हीच विचारा. व्यायामानंतर थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ओसरलं तर घाबरून बंद करू नका.

गुडघा मध्येच अडकून सरळच होत नसेल, खेळताना पिरगळून एकदम सुजला असेल, किंवा लाल, गरम होऊन ताप आला असेल, तर हे तीन महिने तुमच्यासाठी नाहीत; लगेच दाखवा.