शब्दांची मोजदाद, अर्थाची चोरी

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने दुसऱ्याचे लेखन अथवा कल्पना स्वतःची म्हणून पुढे करणे, अशी वाङ्मयचौर्याची व्याख्या केली आहे. व्याख्या निर्दोष आहे. मात्र मोजणीची वेळ येताच 'कल्पना' अंतर्धान पावते आणि उरते ते केवळ साम्याचे प्रमाण : १० टक्क्यांपर्यंत क्षम्य, ६० टक्क्यांच्या वर नोंदणी रद्द. १० ते ४० टक्क्यांत सापडलेल्या संशोधकाने सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावयाचा. 'सुधारित' म्हणजे काय, हे कलिन्याच्या विद्यानगरीपासून बोरिवली-मुलुंडच्या महाविद्यालयांपर्यंत कोणत्याही संशोधक विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. शब्द बदलावेत, वाक्ये उलटावीत, टक्के खाली आणावेत. ही चौर्याला शिक्षा की चौर्याचे शिक्षण?

आश्चर्य याचे, की मराठीचे अभ्यासक या व्यवस्थेपुढे निमूटपणे मान तुकवतात. ज्यांच्या काव्यशास्त्रीय परंपरेत हा प्रश्न हजार वर्षांपूर्वीच अधिक सूक्ष्मपणे सोडवला गेला आहे, तेच. 'काव्यमीमांसे'त राजशेखराने शब्दहरण आणि अर्थहरण वेगळे केले. अर्थ सगळा तोच, फक्त वाक्यरचना निराळी, या प्रकाराला त्याने 'प्रतिबिंबकल्प' म्हटले आणि तो त्याज्य ठरवला. त्याचे पोटभेद वाचताना आजचे प्रबंध डोळ्यांपुढे येतात. क्रम उलटला की 'व्यस्तक', थोडक्यातले पसरले की 'तैलबिंदु', एका भाषेतले दुसरीत नेले की 'नटनेपथ्य'. इंग्रजी वा हिंदी समीक्षाग्रंथातील प्रकरण मराठीत उतरवून वर स्वतःचे नाव घालणाऱ्याला याहून नेमके विशेषण कोणते द्यावे?

यंत्राला यातले काय दिसते? त्यातून मराठी शब्द प्रत्ययागणिक रूप पालटतो. संगणकावरील जुन्या फाँटांत टंकलिखित झालेले किंवा केवळ छायाप्रतीच्या रूपात 'शोधगंगे'त ठेवलेले प्रबंध यंत्राला मजकूर म्हणून वाचताच येत नाहीत. म्हणजे चोरावे तर जुन्या प्रबंधातून, असा अलिखित नियमच झाला! उलट मर्ढेकरांचे संवाद, विरोध आणि समतोल हे लयतत्त्व प्रामाणिकपणे त्यांच्याच परिभाषेत मांडणारा विद्यार्थी संशयित ठरू शकतो. 'लय' काढून 'ताल' घालणारा मात्र सुटतो. तो मर्ढेकरांचा सिद्धांतच मोडून टाकतो, ही गोष्ट वेगळी. २०२१ मध्ये गियोम काबानाक आणि सहकाऱ्यांनी विज्ञाननियतकालिकांतून अशीच पिळवटलेली परिभाषा उघडकीस आणली. तिथे कृत्रिम बुद्धिमत्तेची 'बनावट जाणीव' झाली होती. मराठीत आनंदवर्धनाचा 'ध्वनी' 'आवाज' होऊन बसला, तर त्याकडे टक्केवारी नव्हे, वाचकच बोट दाखवू शकेल.

शब्द पालटले तरी उदाहरणांचा क्रम पालटत नाही. मूळ लेखकाने चुकीचा दिलेला पृष्ठांक तसाच उतरतो. हाती न धरलेल्या आवृत्तीचा संदर्भ येतो; एखादा युक्तिवाद मध्येच तुटतो, कारण मुळात तिथे परिच्छेद संपलेला असतो. हे ओळखण्यासाठी परीक्षकाने मूळ ग्रंथ वाचलेला असावा लागतो, आणि खरी अडचण इथेच आहे. प्रबंधाला साम्यप्रमाणपत्र जोडलेले असले, की मार्गदर्शक आणि परीक्षक दोघांचीही वाचण्यातून सुटका होते. मौखिक परीक्षेत 'हेच उदाहरण इथे का घेतलेत?' एवढे विचारले तरी पुरे असते; पण तो प्रश्न विचारणाऱ्याला त्याचे उत्तर आधी ठाऊक असावे लागते.