वरातीमागून घोडं नको!

जुन्नर-आंबेगावात शिकत असाल, तर खोडदची जीएमआरटी दुर्बीण तुम्ही एकदा तरी पाहिलीच असेल. विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला किती गर्दी होते तिथे! ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. १४ मध्यभागी आणि १६ इंग्रजी ‘वाय’सारख्या तीन फाट्यांवर. पण त्यांनी टिपलेल्या डेटाचं पुढे काय होतं, हे कधी विचारलंय?

नोंदी ‘एलटीए’ फाइलमध्ये साठतात. ‘लिस्टस्कॅन’ नावाचा छोटा प्रोग्राम ती वाचून लॉग फाइल बनवतो. त्या लॉगवरून ‘जीव्हीफिट्स’ फिट्स फाइल काढतो. मग ‘कासा’ हे सॉफ्टवेअर कामाला लागतं. हे सगळं ओळीने करून घेणारी ‘कॅप्चर’ नावाची पाइपलाइनही आहे. थोडक्यात, एक प्रोग्राम दुसऱ्याच्या खांद्यावर उभा. मधला एक जरी नसला, तरी पुढचं सगळं अडतं.

तुमचा कॉलेजचा प्रोजेक्टही असाच असतो. व्हिडिओसाठी ‘एफएफएमपेग’, पीडीएफसाठी ‘पॅनडॉक’. तुमच्या लॅपटॉपवर ते असतातच, म्हणून तपासायचं सुचत नाही. दुसऱ्याच्या मशीनवर मात्र अर्ध्या तासाने ‘कमांड नॉट फाउंड’ येतं आणि अर्धवट फाइल्सचा पसारा उरतो. साधी शेल स्क्रिप्ट तर १२७ हा एरर कोड मिळूनही थांबत नाही, पुढची ओळ चालवत राहते. याला म्हणतात वरातीमागून घोडं.

माझं म्हणणं सोपं आहे : काम सुरू करण्याआधी तपासा. शेलमध्ये ‘कमांड’ला ‘व्ही’ पर्याय द्या, पायथनमध्ये ‘शटिल’मधलं ‘विच’ वापरा. दोन-चार ओळींचं तर काम! जे नाही त्याची यादी एकदमच द्या. एक इन्स्टॉल केलं की दुसरं मागायचं, हा छळ नको. कुठलं व्हर्जन लागतं आणि ते कसं बसवायचं, तेही लिहा. आणि फक्त ‘हेल्प’ वाचायला आलेल्याला अडवू नका. ज्या कामाला जे टूल लागतं, तेवढंच तपासा.

कुणी म्हणेल, टूल सापडलं म्हणजे ते चालेलच असं थोडंच आहे? खरंय. म्हणून प्रत्येक टप्प्यावर एरर हाताळायचाच. पण त्यामुळे पहिली तपासणी वाया जात नाही. खिळखिळी शिडी मोडू शकते, म्हणून शिडी आहे का हेच न बघता माडीवर निघायचं का?

यात खरं नुकसान वेळेचं नाही. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून, लॅबच्या जुन्या मशीनवर एखादी ज्युनिअर तुमचा प्रोग्राम चालवते. न कळणारा एरर येतो. तिला वाटतं, ‘आपल्यालाच जमत नाही,’ आणि ती टर्मिनल कायमचं बंद करते. चूक तिची नव्हती. तुमचा प्रोग्राम स्पष्ट बोलला नव्हता.

पुढचा प्रोजेक्ट सबमिट करण्याआधी तो एकदा कोऱ्या मशीनवर चालवून बघा. काय म्हणतो तो?